सविताकाकूंचं लवंगेवरचं नवरात्र

आमच्या शेजारच्या सविताकाकू माहेरच्या घोटीच्या. नाशिक रोडला येऊन संसार जुना झाला, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही. एकुलता एक धनराज लहानपणापासून इन्सुलिनवर, त्यामुळे जिवाला घोर कायमचा. त्याला कॉलेजातून यायला जरा उशीर झाला की काकू आधी फाटकापाशी, मग कोपऱ्यावर, मग थेट रिक्षास्टँडवर. "अहो, जरा टेका की!" मी ओरडायचे. ऐकतील तर शपथ.

यंदा त्यांनी धनराजसाठी देवीला नवस बोलून लवंगेवर नवरात्र धरलं. नऊ दिवस तोंडात फक्त लवंग आणि पाणी. मला रागच आला, पण काकूंपुढे कोणाचं चालतं?

सातव्या माळेला दुपारी त्यांची हाक आली म्हणून धावले. धनराज घामाने निथळत पडला होता, हाकेला ओ देईना. "साखर उतरली ह्याची," म्हणत काकूंनी अडीनडीला ठेवलेलं साखर चढवायचं इंजेक्शन त्याच्या मांडीत दिलं. "आता उठंल. डॉक्टरीणबाई बोलल्या व्हत्या, लगेच उठतो."

उठेना. काकू दारापर्यंत जात, परत येत, त्याचे गाल थोपटत. "का उठत नाय हा? का उठत नाय?" शेवटी आम्ही त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"हा जेवत नव्हता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डबा तर रिकामा यायचा," काकू म्हणाल्या.

"त्या इंजेक्शनमध्ये साखर नसते, काकू. आपण जेवतो त्यातली जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते. इंजेक्शन यकृताला फक्त सांगतं, तो साठा फोड आणि साखर रक्तात सोड. याचा साठाच संपलेला. सोडणार काय?"

धनराजने मान खाली घातली. डबा मित्रांना, रात्रीचं ताट गायीला, असं चाललं होतं. इन्सुलिन तेवढं कमी करून घेत होता.

"तू माझ्यापायी उपाशी," तो म्हणाला. "मला घास जाईना गं, आई."

आता काकू त्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. त्यांनी उशाजवळचा बिस्किटांचा पुडा फोडला आणि घरात घट बसलेले असताना पहिलं बिस्कीट स्वतःच्या तोंडात घातलं.

"खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "आता तू खा."