तीन पिक्चर आणि एक तीळ

ऐकायचंच असेल तर चहा आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. फजिती माझी, आणि वर त्याची पाठही मलाच चोळावी लागली!

गोष्ट पंच्याहत्तर-शहात्तरची असेल. मी वरठीच्या कारखान्यात नुकताच कायम झालो होतो. सायकल नवी, घड्याळ नवं. मग राहिलं काय? लग्न! घरचे लोक मला मुलगी पाहायला लाखनीला घेऊन गेले.

त्याच्या पंधरा दिवस आधी भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये मी एक पिक्चर पाहिला होता. त्यात एका नटानं खाणीतला म्हातारा केला होता. नटाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण काय काम केलं होतं हो! छातीपर्यंत दाढी, तोंड कोळशानं काळं, दिसायचे ते फक्त डोळे. त्या डोळ्यांनी मला रडवलं. मी तो पिक्चर तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा रडलो.

लाखनीला मुलीचे वडील घरी नव्हते. ते तेव्हा कोंढ्याला पोस्टात कामाला होते आणि त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. मुलीची आई होती, मोठे काका होते. मुलगी सुनंदा, प्राथमिक शाळेत शिकवायची. काकांनी आधीच बजावलं, "आमच्या पोरीले बाकी काई नाई, पण खोटं चालत नाई. मागचा पोरगा म्हणे, मॅट्रिक पास आहो. निंघाला नापास. हिनं तोंडावर नाई म्हटलं."

मी जोरात मान हलवली. मला खोटं बोलायचं कारणच काय होतं?

आता रिवाज असा की विचारायचं आपण आणि उत्तरं द्यायची मुलीनं. पण इथं सुनंदानंच विचारलं, "पिक्चर पाहता का जी?"

मी खाणीतल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. तिचा चेहरा एकदम फुलला.

"मी बी पाह्यला! लय रडली मी. त्याचे जुने पिक्चर पाह्यले काय तुमी?"

'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण ती इतक्या कौतुकानं माझ्याकडे बघत होती की मी म्हणालो, "सगळे!"

"मंग पुढच्या खेपेले सांगा. मले तं एकबी पाहाले भेटला नाई."

महिन्याभरानं पुन्हा जायचं ठरलं. तेव्हा वडील सुट्टी काढून येणार होते आणि सुनंदा हो की नाही ते सांगणार होती. मला ती आवडली होती. खरंच आवडली होती. म्हणजे एका महिन्यात त्या नटाचे जुने पिक्चर पाहणं आलं, नाहीतर मी दुसरा मॅट्रिक नापास!

पण पाहायचे कुठले? तेव्हा कोणाला विचारणार? नट माहीत होता तो दाढीतला आणि काजळीतला. दाढीखालचा माणूस कसा दिसतो, देव जाणे.

आणि रस्ता सापडला तो वरठीच्या रेल्वे फाटकाजवळ. तिथं भंडाऱ्याच्या टॉकीजचा रंगवलेला बोर्ड असायचा. खाणीच्या पिक्चरच्या वेळी त्यावर म्हाताऱ्याचं हे एवढं मोठं तोंड काढलं होतं. जाड भुवया, पसरट कान आणि डाव्या नाकपुडीशेजारी चण्याएवढा तीळ. आता त्याच बोर्डावर रविवारच्या मॅटिनीचा जुना पिक्चर लागला होता, आणि त्यावर कोण असावं? त्याच भुवया, तेच कान, तोच तीळ! दाढी तेवढी गायब.

"हाच तो!" मी सायकलवरूनच ओरडलो. कारखान्यातला माझा दोस्त दिवाकर मागं कॅरिअरवर बसला होता. तो पडता पडता वाचला.

रविवारी दोघं गेलो. प्रिंट इतकी जुनी की पडद्यावर सतत पाऊस. नावं बिवं केव्हाच तुटून गेलेली. पिक्चर एकदम भांडणापासूनच सुरू झाला. मी तीळ शोधायला लागलो. एक उंच, किडमिडा टांगेवाला आला आणि त्याच्या नाकाशेजारी मला तीळ दिसला. तीळ थोडा इकडेतिकडे सरकायचा, पण एवढ्या जुन्या प्रिंटमध्ये तीळ तरी जागेवर कसा राहणार? मी वहीत लिहून घेतलं, 'टांगेवाला. चाल उत्तम.'

पुढच्या रविवारी बोर्डावर पुन्हा तोच चेहरा, या वेळी फेटा बांधलेला. पिक्चरमध्ये तीळ निघाला एका बुटक्या, ढेरपोट्या सावकाराला.

दिवाकर कुजबुजला, "अबे, हा तं वेगळाच माणूस दिसते!"

"भूमिकेसाठी वजन वाढवलं त्यानं."

"अन् उंची कशी कमी केली बे?"

"त्यालेच तं अभिनय म्हणते!"

मी वहीत लिहिलं, 'सावकार. उंची कमी केली. कमाल.'

तिसऱ्या पिक्चरात तर तीळ आधी इन्स्पेक्टरला दिसला, मग चोराला, मग पुन्हा इन्स्पेक्टरला. म्हणजे डबल रोल! दिवाकर म्हणाला, "हिरोइनच्या मावशीच्या गालावरबी आहे पाहाय. थेबी हाच असन!"

तो चेष्टा करत होता. मी मात्र मावशीकडे चांगली पाच मिनिटं निरखून पाहिलं. खोटं कशाला सांगू?

महिना भरला. वही पाठ करून मी लाखनीला पोचलो. वडील अजून आलेले नव्हते, त्यांची कोंढ्याहून येणारी बस रस्त्यात कुठंतरी अडकली होती. सुनंदाचे मामा मात्र आले होते. भंडाऱ्याला असतात, पेंटर आहेत, असं काकांनी सांगितलं. घरं रंगवत असतील, असं मी धरून चाललो. चहा-चिवडा आला आणि सुनंदा समोर बसली.

"सांगा आता."

मी जे सुटलो! टांगेवाल्याची चाल, सावकाराची ढेरी, इन्स्पेक्टर आणि चोर समोरासमोर. आमचे वडीलसुद्धा ऐकत राहिले, आणि ते माझं सहसा ऐकत नसत. "एकाच माणसाचं काम आहे हे कोणी म्हणणार नाही!" मी म्हणालो. इतकं खरं वाक्य मी त्या दिवशी दुसरं बोललो नाही.

"पण मंग तुमी वळखलं कसं?" सुनंदानं विचारलं.

"त्याच्या जाड भुवया! पसरट कान! आणि हे इथं, डाव्या नाकपुडीशेजारी, चण्याएवढा तीळ!"

मामांना ठसका लागला. काका छताकडे पाहू लागले. सुनंदाची आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, माझ्या वर्णनाचा परिणाम.

तेवढ्यात दारात सावली पडली. हातात पिशवी, अंगावर धूळ, आणि चेहरा! जाड भुवया. पसरट कान. डाव्या नाकपुडीशेजारी चण्याएवढा तीळ.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला थोडं तरी डोकं असावं. असतं हो. पण महिनाभर ज्याला शोधलं तो समोर उभा राहिल्यावर ते जागेवर राहत नाही. मी ताडकन उठलो, बशी लाथेनं उडाली, हात जोडले आणि म्हणालो, "साहेब! तुमी इथं? तुमचे सारे पिक्चर पाह्यले जी म्या!"

त्या गृहस्थांनी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीमागं कोणी साहेब उभा आहे की काय म्हणून. मग म्हणाले, "कोणते पिक्चर, बापू? मी तं पोस्टात आहो."

मग मामा बोलले. म्हणजे हसता हसता जमेल तसं बोलले.

"ते बोर्ड मी काढतो जी! मॅटिनीच्या पिक्चरचे फोटो येतच नाई. मालक म्हणते, काई बी काढ, पण मिशीवाला काढ. तं मी आमच्या भाऊजीले बसवतो. घंटाभर न हालता दुसरं कोणी बसत नाई."

"पण तो खाणीतला म्हातारा?" मी विचारलं.

"त्या खेपेले फोटो उशिरा आले. म्हणून भाऊजीलेच दाढी लावली."

"आणि बोर्डावरची हिरोइन?"

"ताई!" मामांनी आतल्या दाराकडे बोट केलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

सुनंदा हसत नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती. "म्हंजे त्या दिवशी 'सगळे' म्हटलं, तवा एकबी पाह्यला नोता?"

मी म्हणालो, "नाही. तेव्हा खोटं बोललो. नंतर पाह्यले, तर ते असे निघाले."

ती उठून आत गेली. मागोमाग तिचे वडीलही गेले. आमच्या वडिलांनी चपला शोधायला सुरुवात केली. मी फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत बसलो, कारण दुसरं करायला काही नव्हतं. त्या नटाचा, त्याच्या दाढीचा, सगळ्याचाच राग येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

पाच-सात मिनिटांनी तिचे वडील बाहेर आले. आधी आतून हसण्याचा आवाज आला, मग ते.

"पोरगी हो म्हणते," ते म्हणाले. "म्हणते, याच्यानं खोटं निभत नाई. अशा माणसासंग राहाले सोपं जाते."

अशी परीक्षा पास झालेला मी जिल्ह्यात एकटाच असेन. उन्हाळ्यात लाखनीच्या विहारात आमचं लग्न लागलं. मंडपाचा बोर्ड मामांनी रंगवला. नवरदेव कोणासारखा दिसत होता, ते विचारू नका.

इथं थांबलो असतो तर माझी थोडी तरी इज्जत राहिली असती. पण आठ-दहा वर्षांनी लाखनीत व्हिडिओ आला. एका रविवारी दुपारी सुनंदानं मुद्दाम शोधून त्या नटाचा खराखुरा जुना पिक्चर आणवला. सासरचं सगळं घर बसलं. मी अगदी पुढं, टीव्हीला नाक लावून. या वेळी चुकायचं नव्हतं.

पिक्चर संपला. मी मागं वळून विचारलं, "तो आला कुठं होता?"

सुनंदानं कपाळाला हात लावला. "अवो, हिरोचा मोठा भाऊ! पयल्यापासून शेवटपावेतो तोच तं होता!"

"पण त्याला तीळ कुठं होता?" मी म्हणालो.

भिंतीशी खुर्चीवर सासरे बसले होते, तीन तास न हालता. ते म्हणाले, "जवाईबापू, मी तं मांगं बसलो होतो. तुमी समोर कायले पाहून राहिले होते?"