तुमचा काल आला

माझे मामा सेतुमाधवराव वादाला बसले की शेजारचे लोक आपला रेडिओ बंद करत. तंजावूरच्या कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला हा शिडशिडीत माणूस, पण आवाज असा की काय सांगू! रोज संध्याकाळी त्यांचे जुने मित्र बाळकृष्णराव आमच्या ओट्यावर येत आणि वाद ठरलेला: घरच्या पोरांस देवनागरी शिकवावी की नको.

"बोलतां आलं की बस्स," बाळकृष्णराव म्हणत. "लिहायचंच झालं तर इंग्रजी अक्षरं आहेत की."

मामा मांडीवर थाप मारत. "अवो, अर्धी भाषा सांडते त्यांत!"

आवाज फारच चढला की मामी, चंद्रमती, दोन टंबलर कॉफी आणून दोघांच्या मध्ये ठेवी. कॉफी आली की वाद संपला. उठताना दोघंही हसत असत. चाळीस वर्षांत जिंकलं कोण, देव जाणे.

दोन हजार साली बाळकृष्णराव मुलाकडे अमेरिकेला गेले. मामांनी दोन महिने कळ काढली, मग मला धरलं. मी शांभवी, तंजावूर बसस्टँडाजवळच्या इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरात कामाला. मामा मराठीत सांगत, मी इंग्रजी अक्षरांत टाइप करून मेल धाडी. माझी शाळा तमिळ-इंग्रजीतली, देवनागरी तेव्हा मला कुठली यायला!

पण हा लेखी वाद भलताच निघाला. ओट्यावर "तुम्हांस काडीची अक्कल नाही" म्हणताना मामा हसत असत, ते हसू मेलमध्ये कुठून उमटणार? तिकडून चार कोरड्या ओळी येत आणि मामा आठवडाभर त्याच घोळवत बसत. "हे बघ, नुसतं 'पाहू' लिहिलंय. राग आहे की थट्टा?"

"मला काय ठाऊक मामा? मी फक्त टाइप करते!" मी वैतागून म्हणे.

एकदा बाळकृष्णरावांचा लांबलचक मेल आला. मामा खूश! उत्तर जुळवायला वेळ हवा, म्हणून तेवढ्यापुरतं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तुमचा काल आला. तयार राहा." मी टाइप केलं, धाडलं.

आठ दिवस उत्तर नाही. "रागावले असतील, रागावू देत," मामा म्हणाले, पण त्यांचं जेवण कमी झालं. नवव्या दिवशी, बुधवारी, बाळकृष्णरावांच्या सुनेचा, हरिताचा मेल आला. मी मोठ्यानं वाचू लागले: शुक्रवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. तुम्हांस कुणी सांगितलं? तुमचा काळ आला, तयार राहा, हे वाचल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत.

मी धाडलेला मेल पुन्हा उघडून पाहिला: 'kaal'. इंग्रजीत ल आणि ळ एकच.

"अय्यो शांभवी, काय होऊन बसलं हे!" मामा चपला न घालताच समोरच्या फोन बूथकडे धावले. बाळकृष्णराव फोनवर येताच मामा ओरडले, "काल! अवो, मेल काल आला म्हटलं मी! लिंबातला ल, केळ्यातला ळ नव्हे!"

 पलीकडून असं खदखदून हसू आलं की मला बूथच्या दारात ऐकू आलं. "सेतुराव, हरलों मी. ळ पाहिजेच. शिकवा पोरांस."

चाळीस वर्षांत मामा पहिल्यांदा जिंकले होते, पण जिंकण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "आधी बरे व्हा," एवढंच म्हणाले.

शुक्रवारपासून मामा सेंटरातच, माझ्या शेजारच्या स्टुलावर. ऑपरेशन नीट झाल्याचं हरितानं कळवलं, तरी हलेनात. मंगळवारी बाळकृष्णरावांनी सुनेकडून लिहवून घेतलेल्या दोन ओळी आल्या. मी वाचल्या: "हरलों ते नुसतं बोललों होतों, लिहून दिलं नव्हतं. वाद चालू."

"लबाड कुठले!" मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "घाल उत्तर, शांभवी. आणि संध्याकाळी घरी पाटी घेऊन ये."