कुठेही जाणार नाही

आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत साधा किराणा आणायला गेलं तरी दुकानात कंट्री म्युझिक लागलेलं असतं. बाकीच्या गाण्यांचं मला काही वाटत नाही. पण ते एक गाणं लागलं की मी हातातली कोथिंबीर आहे तिथे ठेवते आणि गाणं संपेपर्यंत बाहेर गाडीत जाऊन बसते. मागच्या आठवड्यात अशीच बसले होते, तर इथल्या महाराष्ट्र मंडळातली एक काकू काचेवर टकटक करून विचारायला लागली, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, ऊन लागलं. टेक्सासमध्ये हे कारण जवळजवळ वर्षभर चालतं.

गाणं जुनं आहे. इथल्या म्हाताऱ्यांच्या लग्नात वाजलेलं. त्यात एक शेतकरी आपल्या बायकोला सांगतो की विहीर आटली, गाई विकल्या, पोरं शहरात निघून गेली, तरी सकाळी तू डोळे उघडशील तेव्हा मी इथेच असेन, मी कुठेही जाणार नाही. प्रत्येक कडव्यात त्या बिचाऱ्याचं काही ना काही जातं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो हेच म्हणतो.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आमच्याकडे एक जुनी गाडी होती. तिच्या रेडिओचं बटण तुटलेलं होतं, त्यामुळे एकच स्टेशन लागायचं, आणि त्या स्टेशनवर हे गाणं रोज असायचंच. शनिवारी नवरा मला चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी चालवायला शिकवायचा. टेक्सासचे हेल काढून गायलेलं इंग्रजी मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी विचारलं, हा माणूस एवढा गळा काढून सांगतोय तरी काय? नवरा नागपूरचा. त्यानं मला गाडी थांबवायला लावली आणि एकेक ओळ ऐकून नागपुरीत सांगायला लागला. "तो म्हणून राहिला, की बाई, मी काही कुठे जाऊन नाही राहिलो." मी पुण्याची. मला हसू आवरेना, आणि हसता हसता ब्रेकवरचा पाय सुटून गाडी कुंपणाला लागली. तो रागावला नाही. खाली उतरून बंपर बघून आला आणि म्हणाला, कुंपणही कुठे जाऊन नाही राहिलं. त्या दिवशी मी त्याच्यावर जिवापाड प्रेम करत होते. हे लिहायला आज जड जातं, पण ते तसं होतं.

पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. माझे पेशंट होते, रिक्षावाले मला ओळखत होते. इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्याला नोकरी, मला नोकरी करायची मनाई. शिकलेल्या बायका इथे येऊन वर्षानुवर्षं केक शिकतात, रांगोळ्या काढतात, एकमेकींच्या मुलांचे वाढदिवस सजवतात, ते काही हौस फिटत नाही म्हणून नाही. मुलगी झाली, तिचं करण्यात काही वर्षं बरी गेली. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज केला आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. ती रांग ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून समजणार नाही. दर महिन्याला सरकार एक तारीख जाहीर करतं. त्या तारखेच्या आधी ज्यांचे अर्ज पडले, त्यांचा नंबर लागतो. ती तारीख कधी थोडी पुढे जाते, कधी तिथेच बसते, कधी चक्क मागे येते. आमच्याकडे लोक पंचांग बघत नाहीत इतक्या भक्तीनं ती बघतात.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हा पुण्यात माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं. मी जाते म्हटलं. नवरा म्हणाला की परत येताना व्हिसाचा शिक्का अडकला तर सगळंच अडकेल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, तसे अडकलेले लोक आम्ही पाहिले होते. पण मी म्हटलं, अडकले तर अडकले, माझी आई आहे, मी ठरवीन. तेव्हा डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता, आवाजही न चढवता, तो म्हणाला, "तू इथे माझ्या नावावर आहेस. एवढं विसरू नकोस."

गाडी नावावर असते. घर नावावर असतं. मी तिकीट काढलंच नाही. आईचं ऑपरेशन माझ्याशिवाय झालं आणि ती बरीही झाली. नवऱ्यानं नंतर दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द मागे घेतले नाहीत. चुकलो, एवढा एक शब्द त्याला सांगता आला असता. त्याऐवजी तो मला नियम समजावत राहिला.

मी एका वकीलबाईंना फोन केला. घटस्फोट घेतला तर काय होईल, असं विचारलं. त्यांनी फार शांतपणे सांगितलं की कार्ड हातात यायच्या आधी लग्न मोडलं तर अर्जातून तुमचं नाव जाईल, व्हिसाही जाईल, आणि तुम्हाला देश सोडावा लागेल. मुलगी इथे जन्मलेली, ती अमेरिकन. ती इथे राहील की तुमच्याबरोबर येईल, ते मग कोर्ट बघेल. फोन ठेवल्यावर मी भाजी फोडणीला टाकली, कारण मुलीची बस यायची वेळ झाली होती.

नवऱ्याला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. तो बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत बसला. मग म्हणाला की कार्ड येईपर्यंत थांब, मग तुझं तू बघ, मी अडवणार नाही. झालं. लग्न ठरवायला दोन्हीकडची पंधरा माणसं लागली होती, हे आम्ही दोघांनीच उरकलं.

त्यानंतर आमच्या घरात भांडण असं झालं नाही. भांडायला काही हवं असावं लागतं. तो गेस्टरूममध्ये झोपायला लागला. मुलीला सांगितलं, बाबा घोरतो. दर महिन्याला तारीख जाहीर झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन तेवढं सांगायचा. सरकली. नाही सरकली. मंडळात मात्र आमचं कौतुक वाढत गेलं. हे दोघं बघा, कधी एकमेकांना वाकडं बोलत नाहीत. नव्यानं आलेल्या मुली मला संसाराचं रहस्य विचारायच्या. मला हसावं की ताटली फेकावी ते कळायचं नाही. पुढे काम करायची परवानगी मिळाली आणि मी एका क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून लागले, पण तो कागदही त्याच्याच अर्जाला लटकलेला.

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं आम्हाला न सांगता सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पार्टी ठरवली. आत गेलो तर अख्खं मंडळ टाळ्या वाजवतंय. जेवणं झाल्यावर ती गिटार घेऊन पुढे आली. लहानपणी तिला झोपवताना बाप कुंपणाची गोष्ट सांगायचा, ती तिनं जपून ठेवली होती. उन्हाळाभर तिनं ते गाणं बसवलं होतं. विहीर आटली, गाई गेल्या, पोरं गेली. आवाज तिचा सुंदर आहे. बायका डोळे पुसायला लागल्या, कुणीतरी आम्हाला मध्ये ढकललं आणि नवऱ्याचा हात माझ्या पाठीवर आला. कितीतरी वर्षांनी. माझं अंग आखडलं आणि ते त्यालाही कळलं. खरंच, आम्ही कुठेही गेलो नव्हतो. सरकारनं जाऊ दिलं नव्हतं.

गाणं संपलं तरी लोकांचं पोट भरेना. काकू मंडळी ओरडायला लागली, उखाणा, उखाणा. मला राग अनावर झाला होता, आणि रागात माझं डोकं चांगलं चालतं. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं:

पुढे सरकते तारीख, मागे येते रांग,
…रावांच्या नावावर राहते, आणखी काय हवं सांग.

त्या मोकळ्या जागी मी त्याचं नाव घेतलं. बऱ्याच वर्षांनी घेतलं होतं. हॉल कोसळला. निम्मे लोक त्याच रांगेत होते, त्यांना हा वर्षातला सर्वोत्तम विनोद वाटला. एका काकांनी तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तो अजून फिरतोय. फक्त नवरा हसला नाही. तो ज्यूसचा ग्लास हातात धरून खाली बघत उभा होता.

कार्डं आली तेव्हा मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात होती. साधी पाकिटं, टपालपेटीत जाहिरातींबरोबर पडलेली. नवऱ्यानं माझं पाकीट न फोडता टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. मी ते फोडलं, फोटो बघितला, तो अजिबात माझ्यासारखा आला नव्हता. नवरा समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता तू माझ्या नावावर नाहीस. आता राहिलीस तर बरं वाटेल मला."

इतका नीट बोलला तो. मला तेव्हा त्याचा जेवढा संताप आला तेवढा त्या डिशवॉशरपाशीही आला नव्हता. हेच वाक्य त्याला इतकी वर्षं येत होतं, आणि त्यानं ते कार्ड येईपर्यंत सांभाळून ठेवलं. मी विचारलं, आधी का नाही म्हणालास? तो म्हणाला, तेव्हा तुला नाही म्हणता आलं नसतं. आता नाही म्हणता येत होतं, म्हणून मी नाही म्हटलं.

मी क्लिनिकजवळ एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. मंडळात बातमी पोचायला एक वीकएंड पुरला. कार्ड मिळेपर्यंत थांबली आणि कार्ड मिळताच गेली, असं म्हणतात. यातला शब्दनशब्द खरा आहे, त्यामुळे कुणाशी वाद घालता येत नाही. तो बिचारा अजून त्याच घरात आहे. काकू लोक त्याला डबे पोचवतात. गाण्यातला शेतकरी तो ठरला. गाणं मी मोडलं.

मुलीला मी सगळं फोनवर सांगितलं. डिशवॉशर, वकीलबाई, मीठ, काही ठेवलं नाही. मला वाटलं रडते आहे, पण ती रडत नव्हती. "आई," ती म्हणाली, "सो व्हिच पार्ट वॉज रिअल?"

मी म्हटलं, कुंपण.

मग म्हणाली की हॉलमध्ये ती ज्या दोघांसाठी गात होती, त्यांना ती कधी भेटलीच नव्हती. कुंपणापाशी हसणारे ते दोघं तिच्या जन्माआधीच निघून गेले होते.