कमी करत करत बारा

आमच्या ग्रुपात पहिली आजी आली तेव्हा भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

भाभी म्हणजे माझ्या शेजारीण. घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. सासूबाईंशी मारवाडी, माझ्याशी मराठी आणि राग आला की हिंदी. मी शेतकऱ्याघरची, लग्नानंतर शहरात आलेली. बियाण्यांच्या एका कंपनीत ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. दिवसभर दाणे मोजायचे आणि घरी येऊन ठिपके. ठिपक्यांच्या रांगोळीचं वेड आम्हा दोघींना सारखंच, म्हणून मोबाइलवर आम्ही एक ग्रुप काढला. फोटो टाकायचा आणि खाली ठिपके लिहायचे, एवढाच नियम. ‘अकरा ते सहा’ लिहिलं की मधली ओळ अकराची, मग दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत सहापर्यंत. तेवढ्यावर कुठलीही बाई ती रांगोळी आपल्या दारात जशीच्या तशी काढू शकते.

ग्रुप वाढला तसा हा नियम आम्हीच ढिला सोडला. आणि मग ती आजी आली.

राजवाड्यासारखं अंगण, त्यात सतरंजीएवढा मोर, आणि शेजारी बसलेली सुरकुतलेली आजी. खाली मजकूर: ‘माझ्या आजीने ९८व्या वर्षी ही रांगोळी काढली, पण कोणीच कौतुक केले नाही.’ भाभींनी हात जोडल्याची सहा चित्रं टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच नावानं तोच मजकूर आला, पण आजी वेगळी. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळी. रविवारी सकाळी भाभी मोबाइल घेऊन माझ्या ओट्याशी आल्या.

“ताई, हिला आज्ज्या तरी किती? मी नऊ मोजल्या.”

आम्ही चित्र मोठं करून पाहिलं. आजीच्या उजव्या हाताला सात बोटं होती आणि मोराला तीन माना. भाभींनी चित्र आणखी मोठं केलं. मग म्हणाल्या, “मतलब मैं मशीन के लिए रोई?” त्या हिंदीत बोलल्या म्हणून मी हसू आवरलं. पण त्यांनीच आधी फुसकन हसू सोडलं, आणि त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपली.

पुढे मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. दिवसाला चाळीस-पन्नास चित्रं येऊ लागली. पाण्यावर तरंगणाऱ्या रांगोळ्या, उजेड सोडणाऱ्या रांगोळ्या, सगळ्या गुळगुळीत. त्यांच्याखाली आमच्या माणसांच्या रांगोळ्या दिसेनाशा झाल्या. जाफराबादची एक ताई रोज सकाळी सारवलेल्या अंगणातला फोटो टाकायची, कडेला कधी चप्पल, कधी कोंबडीचा पाय. तिनं टाकणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, “आता तुमच्याकडं मोठमोठे कलाकार आलेत ना. आमचं वाकडंतिकडं कोण बघंल?” मी तिला समजावलं, पण ती काही टाकेना. आम्ही रोज चित्रं काढून टाकायचो आणि रोज दुप्पट यायची.

अशात एका दुपारी घनसावंगीहून गुरुजींचा फोन आला.

गुरुजी निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित शिकवलेलं. बायकोचे गुडघे धरले म्हणून दारातली रांगोळी त्यांच्याकडे आली. काकू खुर्चीवर बसून हुकूम सोडतात, गुरुजी वाकून ठिपके देतात. ग्रुपात ते प्रत्येकाला मनापासून लिहायचे, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यांना उत्तर द्यायचं विसरून जायचो.

“ताई, एक शंका हाये,” ते म्हणाले. “तुमच्या ग्रुपातल्या एका ताईंची मोराची रांगोळी मी तीन दिवस झाले काढून राह्यलो. जमून न्हाई राह्यली.”

“कोणती, गुरुजी?”

“तीन मानांच्या मोराची. मी त्यांना ठिपके विचारले. त्यांनी लगेच सांगितले, लई सुस्वभावी बाई. थांबा, वाचतो.” चष्मा लावल्याचा आवाज आला. “‘नमस्कार गुरुजी! तुमचा प्रश्न अतिशय सुंदर आहे. रांगोळी ही केवळ कला नसून एक भावना आहे. मधल्या ओळीत अकरा ठिपके द्या आणि दोन्ही बाजूंना कमी करत करत बारापर्यंत न्या.’”

मी म्हणाले, “कितीपर्यंत?”

“बारा.”

“कमी करत करत?”

“तेच तर! अकराचे दहा झाले, दहाचे नऊ. बारा काही येईना. मला वाटलं, बायकांची यात काही खास युक्ती असंल. आमच्या मंडळी खुर्चीवरून म्हणतात, एवढी वर्षं पोरांना काय शिकवलं तुम्ही?”

मी इतकी हसले की खाली बसले. तोंडावर पदर धरला तरी आवाज बाहेर जात होता. हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं की पलीकडे कुणी हसत नाहीये.

“गुरुजी,” मी म्हणाले, “ती बाई न्हाई. मशीन आहे. चित्र मशीनचं, उत्तरही मशीनचं.”

चष्मा मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “मंग तिनं आमच्या मंडळींच्या गुडघ्यांची चौकशी केल्ती, ती?”

“तीही मशीननंच.”

“असं होय,” ते म्हणाले. “तुमच्यापैकी कुणी केल्ती न्हाई, म्हणून जरा बरं वाटलं होतं.”

ते रागावून बोलले नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं. मी काकूंच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. पंधरा मिनिटं आम्ही गुडघ्यांवर बोललो. कुठल्या तेलानं फरक पडला, कुठल्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या. शेवटी गुरुजीच हसायला लागले. “कमी करत करत बारा! आणि मी तीन दिवस! फरशीवर!” आता आम्ही दोघंही हसत होतो.

ही गोष्ट मी भाभींना सांगितली आणि त्या ताडकन उठल्या. “बस. आता बराबर दवा सापडली. प्रत्येकाला ठिपके विचारायचे.”

जुना नियम आम्ही पुन्हा कडक केला. नवी रांगोळी आली की खाली आमचा एकच प्रश्न: ठिपके किती? माणूस असेल तर आकडा लिहायचा. मशीन असेल तर जे लिहायचं ते वाचायला आम्ही रोज संध्याकाळी भाभींच्या गच्चीवर पापड उलटता उलटता बसायचो. ‘ठिपके म्हणजे आपल्या आयुष्यातील आठवणी, त्या मोजायच्या नसतात.’ ‘या रांगोळीत एकूण साडेनऊ ठिपके आहेत.’ एकानं तर आम्हाला रांगोळीऐवजी साबुदाणा खिचडीची कृती दिली, आणि भाभी म्हणाल्या की दाण्याचं कूट त्यानं बिलकुल बराबर सांगितलंय.

एकदा मात्र उत्तर आलं, ‘ठिपके विचारायला तुम्ही माझ्या सासूबाई लागून गेलात का? काढायच्या तर काढा नाहीतर राहू द्या!’

मी तिला काढून टाकणार, तेवढ्यात भाभींनी माझा हात धरला. “थांबा, थांबा! ही खरी आहे. एवढी चिडली म्हणजे शंभर टक्के बाई आहे.” आम्ही तिची माफी मागितली. तिनं नंतर पंधरा ते आठचे ठिपके स्वतःहून पाठवले, सोबत सासूबद्दल चार ओळी.

महिनाभरात ग्रुप पुष्कळ निवळला. पण गुरुजींना ते अकरा-बारा काही सोडेना. एके दिवशी फोन करून म्हणाले, “ती रांगोळी एकदा काढायचीच, तिनं सांगितली तश्शी. घरी एकट्यानं काढली तर मंडळी म्हणतील, हे बिघडले. तिघं-चौघं मिळून काढू, म्हणजे येडेपणा वाटून घेता येईल.”

जागा राजूरची ठरली. आम्हाला जालन्याहून जीप होती, गुरुजी जालन्यापर्यंत एसटीनं आले, आणि जाफराबादच्या ताईला मी हट्टानं बोलावलं. गणपतीच्या देवळात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही बुधवार धरला. दर्शन झाल्यावर हारफुलांच्या दुकानवाल्या मावशींनी आपल्या दुकानाजवळची फरशी दिली. वर म्हणाल्या, “काढा, पण गिऱ्हाइकाला वाट ठेवा.”

गुरुजी धोतर सावरून उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. “मी विचार करून आलोय,” ते म्हणाले. “कमी करत गेलं की अकरा, दहा, नऊ... शेवटी एक, मंग शून्य. बराबर?”

“बराबर,” भाभी म्हणाल्या.

“पण शून्यावर थांबायचं कुणी सांगितलं? पुढं कमी करत गेलं तर उणे एक, उणे दोन... उणे बारा! ती बाई बराबर होती. फक्त उणे म्हणायचं विसरली.”

जाफराबादच्या ताईनं हळूच विचारलं, “पण गुरुजी, उणा ठिपका काढायचा कसा?”

गुरुजींचा चेहरा पडला. याचा विचार त्यांनी केला नव्हता. मग त्याच ताईनं मूठभर रांगोळी घेतली, पीठ चाळावं तशी फरशीवर पसरली आणि त्या पांढऱ्या थरात तर्जनी टेकवून उचलली. काळ्या फरशीचा गोल ठिपका उमटला.

“हा उणा,” ती म्हणाली.

गुरुजींनी टाळी वाजवली. दुकानवाल्या मावशी दचकल्या.

मग आम्ही कामाला लागलो. फरशी दोन्ही बाजूंना पुरणार नव्हती, म्हणून एकच बाजू धरली; वर अकराची ओळ मी दिली, खाली दहा, नऊ, असं करत एकावर आले. शून्याची ओळ गुरुजींनी फार गंभीरपणे रिकामी सोडली. एक गृहस्थ तिथून पाय टाकायला निघाले तर गुरुजी ओरडले, “ओ, शून्यावर पाय देऊ नका!” ते गृहस्थ घाबरून मागे सरले. भाभींचा हात हसून हसून इतका हलत होता की त्यांच्याकडून काही नीट पडेना. त्यांना आम्ही नुसतं पांढरं पसरायला ठेवलं. त्या पांढऱ्यावर ताई बोट टेकवत गेली. उणे एक, उणे दोन, उणे तीन. बाराच्या ओळीला पोचेपर्यंत आमच्याभोवती वीसेक माणसं जमली होती. कडेला मोर घेतला; त्याच्या तीन मानांपैकी एकेक आम्ही तिघींनी वाटून घेतली आणि गुरुजींना पिसारा दिला. तो त्यांनी झाडूसारखा काढला.

हातात नारळ घेतलेली एक म्हातारी बाई पुढे आली. वरचा त्रिकोण पाहिला, खालचा पाहिला, मधली रिकामी ओळ पाहिली.

“डमरू काढलाय का गं?”

आम्ही उभं राहून पाहिलं. खरंच डमरू होता. वर निमुळता होत आलेला, मध्ये कंबर, खाली पुन्हा रुंद.

“लेकाच्या दारात बापाचा डमरू,” बाई समाधानानं म्हणाल्या. “चांगलं केलं. पण ही तीन मुंडक्यांची कोंबडी कशाला?”

भाभी मावशींच्या दुकानाचा खांब धरून हसत होत्या. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पांढरी बोटं कपाळाला लागली. त्या बाईंना आम्ही नक्की कशाला हसतोय ते कळलं नाही, पण आम्हाला पाहून त्याही हसू लागल्या.

फोटो ताईनंच काढला आणि टाकला, पहिल्यांदाच इतक्या महिन्यांनी. खाली लिहिलं: ‘अकरा ते उणे बारा.’ आमची जीप जालन्याला पोचेपर्यंत ग्रुपात प्रश्नांची रांग लागली होती, आणि ताई एकेकीला उणा ठिपका कसा द्यायचा ते समजावत होती. त्या आठवड्यात निदान तीस जणींनी तो डमरू काढला. मशीनची चित्रं अजूनही येतात, रोज तीन-चार. आम्ही चहा पिता पिता काढून टाकतो.

आठ दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला, घनसावंगीहून.

“काय शिकवून पाठवलं हो तुम्ही ह्यांना?” त्या म्हणाल्या. “दारापासून फाटकापर्यंत सगळं पांढरं करून ठेवलंय आणि त्यात बोटं टेकवून राह्यलेत. दूधवाला बाहेर उभा हाये, पाय कुठं ठेवू म्हणतोय.”

“मग आता?”

“आता काय,” काकू म्हणाल्या, “मी खुर्ची फाटकाशी न्यायला लावली. उणे सातची ओळ वाकडी चालली होती.”