वाणात दिलेलं चूर्ण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांसमोर जीभ रेटत नाही.

आमच्या नेहरू नगरात मी 'कारलेवाल्या काकू' आहे. हसू नका. तीन वर्षांपूर्वी चार महिन्यांत माझं अकरा किलो वजन उतरलं. सगळ्या ब्लाउजना आतून टिपा माराव्या लागल्या. सकाळी मैदानात फिरायला येणाऱ्या बायका मला अडवून विचारायच्या – करता तरी काय? मी सांगायचे – उपाशीपोटी कारल्याचा रस आणि भात बंद. त्यात खोटं काय होतं? रस मी पीतच होते. पण रस जूनपासून पीत होते, आणि सप्टेंबरपर्यंत वजनकाटा तसूभरही हलला नव्हता – एवढंच मी कधी बोलले नाही.

मग सप्टेंबरात काय झालं? – सांगते, जरा दम धरा.

माझे यजमान स्टील प्लांटमध्ये क्लार्क. संध्याकाळचा ओव्हरटाइम म्हणून रोज डबा न्यायचे. एक दिवस डबा घरीच राहिला, म्हणून मी रिक्षा करून गेटवर गेले. तिथे त्यांच्याच ऑफिसातला एक जण भेटला. "भाभीजी, ओव्हरटाइम तो साल भर से बंद है," म्हणाला, आणि बोलल्यावर चपापला. पुढचं शोधायला आठवडा पुरला. जवळच्या दुर्ग शहरात, मोहन नगरात एक घर होतं, त्या घरात एक बाई होती, आणि दोरीवर माझ्या हातानं बटण लावलेला शर्ट वाळत होता. शेजारच्या दारातली बाई मला ओळखत होती. माझ्या मैत्रिणीची, सुनंदाची, धाकटी बहीण ती. माझं तोंड पाहून म्हणाली, "सुनंदाताईनं सांगतलं नाही तुम्हाले? तिले तर दोन वर्सापासून मालूम आहे."

सुनंदा. वीस वर्षांची शेजारीण. माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर माझं घर तिनं जेवू घातलं होतं. नवऱ्याचा राग आलाच, पण तो राग कुठे ठेवायचा ते मला कळत होतं. हिचं काय करू? रोज सकाळी माझ्या बाजूनं चालत, "किती राबतात वं भाऊजी," म्हणून हळहळणारी ही! मला घास गिळवेना. पोळीचा तुकडा तोंडात नुसता फिरायचा. वजन त्यानं उतरलं, कारल्यानं नाही.

पण हे चारचौघींत सांगणार कसं? म्हणून सगळं श्रेय कारल्याला दिलं. नवऱ्याला काही विचारलं नाही, सुनंदालाही नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर मी कारलं-मेथीच्या चूर्णाच्या बाटल्याच लुटल्या. वाण कुणी नाकारत नाही. सुनंदानंही पदर पसरून घेतलं.

इथवरचा खोटेपणा लाजेपोटी होता. तेवढाच असता तर मी आज बोलले नसते.

सुनंदाला शुगर होती, जुनी. आठवड्याभरानं मैदानात तिनं विचारलं, "मले एक सांग वं. शुगरची गोळी बंद करून हे चूर्णच घेऊन पाहू का? तुले तर एवढा गुण आला."

'डॉक्टरला विचार' – एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "घेऊन पाह. मी कुठं गोळी घेऊन राहिली?" मला शुगर नव्हतीच, गोळी घेणार कशाला! हे तोंडातून चुकून गेलं का? नाही. ती माहीत असून दोन वर्षं गप्प बसली, आता मी बसते – हे मनात अगदी स्वच्छ उमटलं होतं. त्यानंतर गोळी बंद केल्याचं ती रोज सांगायची आणि मी रोज ऐकून घ्यायचे.

गणपतीपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. दिवाळीत एक डोळा गेला. दुसऱ्यानं आता फक्त आकार दिसतात. दवाखान्यात तिच्यासोबत मीच होते. डॉक्टर म्हणाले, शुगर फार जुनी आहे, गोळ्या सोडल्यामुळेच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही, कदाचित तसंही झालं असतं.

काय हायसं वाटलं मला! वर्षभर कारल्याची बाटली मिरवणाऱ्या बाईला तिथे उभ्या उभ्या शहाणपण सुचलं – एकामागून एक घडलं म्हणून एकामुळेच दुसरं घडलं, असं थोडंच असतं? डॉक्टरांचं ते वाक्य मी बरेच महिने जपून वापरलं. पण डोळे कशानं गेले ते डॉक्टरांना ठाऊक नसेल. मी तोंड कशासाठी मिटलं होतं ते मला ठाऊक आहे.

यजमानांचा ओव्हरटाइम अजून चालू आहे. मला त्यातलं काही माहीत नाही असंच सुनंदा धरून चालते, आणि माझा दंड धरून मैदानात फिरते. बायका माझ्याकडे चूर्ण मागतात तेव्हा माझ्याआधी तीच बोलते. आज सकाळीही म्हणाली, "घ्या वं बिनधास्त, हिचं औषध चांगलं आहे. मीच मधी मधी भात खाल्ला, म्हणून मले गुण नाही आला."

मी म्हणाले, "पुढं पायरी आहे, सुनंदा." तिनं माझा दंड घट्ट धरला आणि पाय उचलला.