एका साखळीतली माणसं

न्हाव्याला शिक्षा झाली ती एका सरदाराच्या हनुवटीला वस्तरा लागला म्हणून. शिंकला सरदारच होता, पण ते कोण ऐकणार? दुकानाला टाळं लागलं, बायको माहेरी गेली आणि न्हाव्याची रवानगी थेट आघाडीवर, आमिषांच्या तुकडीत झाली.

लढाई आगओक्यांशी होती. घराएवढे, पंखवाले हे प्राणी खिंडीत उतरायचे आणि तोंडातून जाळ सोडायचे. तुकडीने लाकडी ढाली घेऊन त्यांच्या अंगावर धावून जायचं. प्राणी एखाद्याला खाण्यात गुंतला, की मागून घोडेस्वार येऊन त्याच्या मानेत भाले खुपसायचे. त्यामुळे तुकडीतले चोर, पळपुटे, भिकारी एकच विद्या शिकले होते. शेजाऱ्याला पाय घालून पाडायचं आणि आपण सुटायचं.

पहिल्याच धावेत न्हाव्यासमोर एकाच्या केसांवर ठिणगी पडली. माणूस मशालीसारखा पेटला. परत आल्यावर न्हाव्याने वस्तरा काढला.

"बसा कोणीतरी. डोकं भादरून देतो."

कोणी बसेना. तिथे कोण कोणाच्या हाती मान देणार? शेवटी एक लंगडा हमाल पुढे आला. "गळा काप हवा तर," तो म्हणाला, "सुटेन तरी."

भादरता भादरता न्हाव्याने दुकानातल्या सवयीने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

हमाल बोलायला लागला तो थांबेचना. बाकीचे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी रांग लागली. हळूहळू सगळे टकले एकमेकांची घरं ओळखायला लागले, बायकांवरून एकमेकांची टर उडवायला लागले. हमालाला सगळे मामा म्हणू लागले.

पुढच्या धावेत मामा अडखळून पडला. त्याला कोणी तुडवलं नाही. दोघांनी बखोट धरून ओढलं, इतरांनी ढालीला ढाल लावून जाळ अडवला. सगळे जिवंत परतले. आगओक्याला मात्र खायला कोणी मिळालं नाही, म्हणून त्याने घोडेस्वारच भाजून काढले.

हे सगळं न्हाव्यापासून सुरू झालं, हे कळून सेनापती आला. त्याने आवाज चढवला नाही.

"तुम्हाला तिथे मरायला पाठवतो," तो न्हाव्याला म्हणाला. "यापुढे दर वेळी एकाला खिंडीत बांधून यायचं. कोणाला, ते तू सांगायचं."

"मला बांधा."

"तू सोडून."

"माझं नाव घे रे," मामा म्हणाला. "पाय तसाही कामाचा नाही."

"नाही घेणार."

मग दुसरा पुढे आला, तिसरा आला, अख्खी तुकडीच मामाशेजारी उभी राहिली. सेनापती हसला. "एवढा जिव्हाळा? बांधा सगळ्यांना एका साखळीला. आणि याला कड्यावर बसवा, बघू दे."

न्हाव्याने पाहिलं. जाळ आला तेव्हा त्यांनी मामाला मधे घेतलं होतं. शेवटपर्यंत कोणी कोणाला पुढे ढकललं नाही. मग घोडेस्वारांनी आगओक्या मारला आणि छावणीत नगारे वाजले.

विजयाच्या खुशीत न्हाव्याला माफी मिळाली. पण तो घरी न जाता खिंडीत उतरला. साखळी त्याला तोडता येईना, म्हणून एक मोठा खड्डा खणून त्याने सगळ्यांना तशीच मूठमाती दिली. सरकारी लोखंड पुरलं म्हणून सेनापतीने त्याला फटके दिले, माफी काढून घेतली आणि नव्या तुकडीत ढकललं.

तिथे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. "सरक जरा," न्हावी एकाला म्हणाला, "पाठ टेकू दे."

त्या माणसाने त्याच्या थोबाडीत मारली. न्हावी तोंड पुसून त्याच्याशेजारीच बसला.