सात माणसांचं घर

"गुरुजी, माझ्या घरातला मानूस तुमी कुणाला इचारून कमी केलात?"

प्रार्थना नुकतीच संपली होती. हिराची आई शाळेच्या पायरीवर उभी होती, आत येत नव्हती. हातात विळा तसाच होता, म्हणजे रानातून परस्पर आली होती. पोरं एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मला काहीच कळेना. मी एकशिक्षकी शाळेचा मास्तर. माणसं कमी करायचं खातं माझ्याकडे नव्हतं.

"कुठला माणूस, बाई?"

"हिराचा बापूस. तुमच्या कागदावर नाय तो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पहिल्यांदा आला तो राग. माझ्या कागदाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नसत.

त्या कागदाबद्दल आधी सांगायला हवं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं गाव. साल साठच्या आसपासचं, जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. पोरांकडे पाटी असायची. पाटीचा तोटा असा की सकाळी लिहिलेलं दुपारी पुसलं जातं. मूल कुठे अडतं, कोणतं अक्षर उलटं काढतं, याचा मागमूस राहत नाही. म्हणून मी सरावाचे कागद काढायला लागलो. छापखाना वगैरे काही नाही. महाडच्या बाजारातून सरस आणायचा, तो ग्लिसरीनमध्ये शिजवायचा आणि पत्र्याच्या ताटात ओतून खरवसासारखा घट्ट होऊ द्यायचा. मग जांभळ्या कॉपिंग शाईने एक कागद लिहून त्या थरावर उलटा दाबायचा. शाई थरात उतरते. वर कोरे कागद एकेक करून दाबले की तेच अक्षर उमटतं. वीसेक प्रती चांगल्या निघत, पुढच्या फिकट. फिकट प्रती वरच्या वाडीतल्या पोरांना जात, कारण ती चालत येत आणि उशिरा पोचत. यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

एका कागदावर तीन कामं असत. वर वाचायला दोन ओळी, मध्ये एक हिशेब, खाली गिरवायला आणि लिहायला एक वाक्य. वजाबाकीचा कागद मी फार विचार करून बनवला होता. निदान मला तसं वाटत होतं. आंबे, चिंचा, पेरू यांचा मला कंटाळा आला होता. पोरांच्या घरातलंच उदाहरण घेऊ म्हटलं. इथे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला. म्हणून मी लिहिलं : आमची माणसे किती? मुंबईला किती? घरी राहिली किती? आणि खाली, 'आमच्या घरात अमुक माणसे आहेत' हे वाक्य उत्तराचा आकडा शब्दात घालून तीनदा लिहायचं. वाचन, अक्षर, गणित, सगळं एका दमात. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

वार्षिक तपासणीला असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर आले. गावात त्यांना सरसकट दिपोटी म्हणत. साहेब भले होते. एकेक कागद उचलून बघत होते, लाल शाईने सही करत होते. हिराच्या कागदावर थांबले.

"हिची वजाबाकी कच्ची दिसते."

हिराने लिहिलं होतं : आमची माणसे ७. मुंबईला १. घरी राहिली ७. आणि खाली वळणदार अक्षरात तीनदा, आमच्या घरात सात माणसे आहेत.

हिरा वर्गातली हुशार मुलगी. तिला पुढे बोलावलं.

"किती माणसं तुमची?"

"सात."

"बापूस कुठे असतो?"

"मुंबईला. गोदीत."

"मग घरी किती राहिली?"

"सात."

पोरं फिदीफिदी हसली. मागून कुणीतरी बोललं, "तिचा बापूस येतच नाय." ते खरं होतं. दोन शिमगे तो आला नव्हता, पत्रही नव्हतं. तिकडे दुसरं बिऱ्हाड केलंय, असं गावात बोललं जाई. मला ते ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "असू द्या हो गुरुजी. पहिलीतली पोर आहे."

"नाही साहेब, पाया पक्का पाहिजे." हे मी म्हणालो. "हिरा, खोड ते. सहा लिही. तिन्ही ओळींत."

तिने खोडलं. कागद थोडा फाटला. तिने सहा लिहिलं, तीनदा. रडली नाही. साहेबांनी सही केली.

संध्याकाळी पोरं कागद घरी घेऊन गेली. मीच नेऊ दिले, आईबापांनी कौतुक करावं म्हणून.

आता पायरीवर उभी राहून हिराची आई सांगत होती ते असं. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या चुलत दिराला येत होतं. त्याने कागद वाचला आणि ठेवून घेतला. शिमगा पंधरा दिवसांवर होता. शिमग्याआधी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, गावकी बसते. कोणती घरं स्वतंत्र धरायची, पालखी कुणाच्या दारी थांबायची, ते तिथे ठरतं. दीर म्हणत होता की सखाराम, म्हणजे हिराचा बाप, काही आता येत नाही, ते घर बिनपुरुषाचं झालं, आमच्यात धरा. म्हणजे पालखीचा मान त्याच्याकडे आणि तिच्या शेताचा कारभारही त्याच्याकडे. इतके दिवस त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

"आता म्हनतो, पोरीनंच लिवून दिलंय. सरकारची लाल सही हाय वर."

"अहो बाई, ती वजाबाकी आहे. साधा सराव. घरी आत्ता किती आहेत, एवढंच विचारलंय."

"घरात किती हायत इचारलात ना? दर शिमग्याला देवाम्होरं गाऱ्हानं घालतात. सात मानसांचं घर हाय, घरच्यांना नि मुंबईवाल्यांना सगल्यांना सांभाल, म्हनून. पोर तेच आयकत आली. मानूस मुंबईला गेला म्हनून काय घरातनं जातो? घरातनं जातो तो मेल्यावर."

माझ्या शाळेत माझ्याच कागदावर सगळ्यात नीट उत्तर कुणी दिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

तिचं मागणं फार मोठं नव्हतं. "आयतवारी गावकी हाय. तुमी या. एवढंच सांगा की यो शाळंचा आभ्यास हाय, घराचा कागद नाय. तुमचं आयकतील."

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

साहेब त्या आठवड्यात पोलादपूरला मुक्कामी होते. आधी त्यांच्या कानावर घालावं म्हणून मी बुधवारी शाळा सुटल्यावर खाली उतरलो. मला बघताच ते उठून उभे राहिले. इन्स्पेक्टर मास्तरासाठी उठतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"या! तुमच्याबद्दलच बोलत होतो. तो माणसांच्या वजाबाकीचा कागद फार आवडला मला. महाड-पोलादपूरच्या सगळ्या शाळांना नमुना म्हणून पाठवणार आहे. गावात काही तक्रार वगैरे नाही ना?"

सांगायला आलो होतो तेच त्यांनी विचारलं होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

"काही नाही, साहेब."

एवढं बोललो आणि अडकलो. आता गावकीत उभं राहून कागदाचा खुलासा केला, तर चार दिवसांत ते साहेबांपर्यंत पोचणार. मग तक्रार नाही म्हणालात ते काय? नमुना रद्द. मी चढ चढत परत आलो आणि वाटेत स्वतःची समजूत घातली की गावकीच्या भानगडीत सरकारी नोकराने पडू नये. ऐकायला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

रविवारी पहाटेच मी एसटीने महाडला घरी निघून गेलो. बायकोने विचारलं, "आज कसे आलात?" सरस संपलाय, म्हणालो. दिवसभर बाजारात फिरलो. सरस घेतला नाही. शाळेत होताच.

सोमवारी पोलीस पाटील शाळेवरून जाताना थांबले. "गुरुजी, काल कुठं व्हतात? बाई दोनदा म्हनली, गुरुजी येनार हायत, जरा थांबा. गावकी थांबली व्हती तुमच्यासाठी, बराच वेळ. मंग तो कागद वाचला."

"आणि?"

"आनि काय. घर दिरात धरला."

पुढचं मी विचारलं नाही. शिमग्याला पालखी हिराच्या दारावरून पुढे गेली, दिराच्या अंगणात थांबली. गाऱ्हाणं मी लांबून ऐकलं. त्या घराचा वेगळा उच्चार झाला नाही. हिरा शाळेत यायची बंद झाली होती.

मग एके दिवशी मायलेकी दोघी शाळेत आल्या. हिराची आई या वेळी आत आली आणि जमिनीवर बसली. पोरांना घेऊन माहेरी बिरवाडीला जाते म्हणाली, पोरीचा दाखला हवा. मी दाखल्याचं पुस्तक काढलं, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, वर्तणूक सगळं भरलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं. सही केली, शिक्का मारला, कागद पुढे केला.

तिने तो हातात घेतला नाही. "वाचून दावा."

मी वाचला.

"हिराच्या बापसाचा नाव हाय त्यात?"

"आहे. सखाराम."

"शिक्का सरकारी?"

"शाळेचा. सरकारीच म्हणायचा."

तिने त्या गोल शिक्क्यावर बोट टेकवलं. आवाज चढवला नाही तिने.

"असा कागद तुमी लिवू शकत व्हतात, तर त्या दिशी का नाय दिलात, गुरुजी?"

खरं सांगायचं तर तसा कागद देता येतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी जायचं की नाही जायचं, एवढ्याच विचारात होतो. दोन ओळी लिहून शिक्का मारायचा आणि पाटलांच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. तिने दाखला घडी करून पदरात बांधला. हिरा माझ्याकडे न बघता आईमागून उतरली.

नमुन्याचा कागद सगळ्या शाळांना गेला. माझी बदलीही पुढे महाडला झाली, चांगल्या शेऱ्यानिशी. नंतर बरीच वर्षं मी नव्या शिक्षकांच्या वर्गात सरावाचे कागद कसे काढावेत ते शिकवत असे. त्यात एक नियम ठासून सांगायचो : शहाणं मूल एकच उत्तर पुन्हा पुन्हा देत असेल, तर मुलाला खोडायला लावायच्या आधी आपला प्रश्न तपासा. शिक्षक तो वहीत उतरवून घेत. उदाहरण म्हणून मी हिराची वजाबाकी सांगायचो आणि वर्ग माना डोलवायचा.

गावकीच्या त्या रविवारी मी महाडला होतो, हे मात्र कधीच सांगितलं नाही.